रंगपंचमीच्या दुपारी एक ग्रह

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे आधीच सांगून टाकते, कारण मी नाही सांगितलं तर बाबा सांगतात, आणि बाबा फार लांब सांगतात.

बाबा इंदूरच्या एका नमकीनच्या कारखान्याची गाडी चालवतात. सकाळी सेव आणि मिक्श्चर भरून निघतात, महूला अर्धा माल उतरवतात आणि उरलेला मानपूरपर्यंत हायवेवरच्या दुकानांना देत देत जातात. प्रत्येक दुकानात मालाबरोबर माझी बातमीही उतरते. घरून निघताना ती खरी असते : पोरगी पीएच.डी. करते, दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचा अभ्यास करते. महूला पोचेपर्यंत मी एक ग्रह शोधलेला असतो. मानपूर येईस्तोवर त्या ग्रहाला माझं नाव द्यायचं ठरलेलं असतं, फक्त वरून सही यायची बाकी असते. एकदा मी गाडीत बरोबर होते, तर मानपूरचा चहावाला हात पुसत पुढे आला.

"दीदी, वहाँ पानी है क्या?"

"अजून माहीत नाही, भिया," मी म्हटलं.

"है, है," बाबा मागून म्हणाले. "थोड़ा है."

आता माझ्या कामाचं खरं सांगायचं तर आजवर मी मोठ्या दुर्बिणीला हातही लावलेला नाही. मी जिच्यावर काम करते ती दुर्बीण प्रशांत महासागरातल्या एका बेटावर आहे, डोंगराच्या माथ्यावर, ढगांच्याही वर. तिच्या आरशात आमच्या दोन्ही खोल्या ओट्यासकट मावतील. तिथे ऑपरेटर बसलेले असतात. आपण लॅपटॉपवरून सांगायचं, अमुक ताऱ्याकडे वळवा, इतका वेळ उजेड गोळा करा. आणि ते वळवतात. तिथे रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस असतो. म्हणजे मी तारे बघते ते भर दुपारी, पंख्याखाली बसून, पोहे खाऊन. हे आईला आजही पटलेलं नाही.

"दिवसा कुठे तारे असतात गं?"

"तिकडे रात्र असते, आई."

"मग तू इकडे काय करतेस?"

मी लॅपटॉप उघडते.

बघते म्हणजे काय, तेही सांगते. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. लग्नाच्या मांडवातल्या हॅलोजनसमोरून डास जावा, आणि ते आपण पलीकडच्या गावात बसून ओळखावं, इतपत किंचित. त्याच वेळी थोडासा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. तो उजेड केसाहून बारीक रंगांत फोडला, की त्या हवेत काय काय आहे ते कळतं. एवढं बारीक फोडायला दुर्बीण तशीच ताकदीची लागते. अशा दुर्बिणीचा वेळ मागण्यासाठी जगभरातून लोक अर्ज करतात. माझा अर्ज दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा मंजूर झाला : अर्धी रात्र.

माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या अर्ध्या रात्रीवर उभं होतं. ग्रह काही माझ्या सोयीनं ताऱ्यासमोर येत नाही. त्या बेटावर रात्र असताना, तारा आभाळात वर असताना आणि दुर्बीण माझ्या वाट्याला असताना तो एकदाच जाणार होता. हुकला तर पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, आणि तोवर माझी संस्थेतली मुदत संपलेली. तारीख बघितली आणि मी सरांकडे गेले.

आमचे सर पुण्याचे. इंदूरला येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. ते स्वतः दूरच्या आकाशगंगांवर काम करतात, इतक्या दूरच्या की त्यांचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीच झालेली नव्हती. त्यामुळे माझे ग्रह म्हणजे त्यांच्या लेखी शेजारपाजार.

"सर, त्या दिवशी रंगपंचमी आहे."

"बरं मग?"

"गेर निघते, सर. संस्थेला सुट्टी. लॅबला कुलूप."

"घरून करता येतं की आता. आणि रंगपंचमी आमच्याकडेही असते. सोसायटीत मुलं तासभर खेळतात, मग आंघोळ करून श्रीखंड."

"सर, इथे टँकर येतात."

सरांचा चेहरा गंभीर झाला. "अरे, मार्चमध्येच पाण्याची टंचाई?"

"पाण्याचे नाहीत, सर. रंगाचे."

सर हसले. पुण्याची माणसं इंदूरबद्दल काही ऐकताना हसतात तसे. मग म्हणाले, "हे बघ, महत्त्वाचं निरीक्षण आहे. मी तुझ्या घरी येतो, दोघं मिळून करू." मी म्हटलं, सर, येऊ नका, पोचणार नाही. ते म्हणाले, "स्कूटरवर दहा मिनिटांचा तर रस्ता आहे."

ज्यांनी गेर पाहिली नाही त्यांच्यासाठी : रंगपंचमीला राजवाड्याच्या आसपासच्या रस्त्यांवर जी मिरवणूक निघते ती गेर. अख्खं शहर त्या रस्त्यांवर उतरतं. ट्रकांवर तोफा बसवलेल्या असतात आणि त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत रंग उडवतात. दुकानं, घरं, अगदी दुकानांच्या पाट्याही आदल्या दिवशीच ताडपत्रीत बांधून ठेवतात. आमचं घर त्याच रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर. म्हणजे तोफेच्या बरोबर तोंडासमोर.

मी कॅम्पसजवळ मैत्रिणीच्या खोलीवर जायचं ठरवत होते. पण बाबांनी ऐकलं, घरून होतं.

"घरून होतं ना? मग घरून कर. इतकी वर्षं शिकतेस, आम्हाला एकदा तरी बघू दे काय करतेस ते."

हे ते सेवचं पाकीट फोडता फोडता म्हणाले, माझ्याकडे न बघता. मग मी कुठे जाणार? घरीच थांबले.

त्या दिवशी सकाळी आमचं घर म्हणजे परगावी निघालेल्या माणसाचं सामान झालं होतं. बाबांनी गॅलरीला बाहेरून ताडपत्री बांधली. आईनं आतलं एकेक झाकायला घेतलं : टीव्हीला गादीची खोळ, फ्रिजला जुनी चादर, देवघराला प्लास्टिक. दोन वर्षांपूर्वी खिडकीच्या फटीतून आलेल्या गुलाबी फवाऱ्यानं आमचा टीव्ही गेला होता, तेव्हापासून रंगपंचमीला आई कुणावर विश्वास ठेवत नाही. मी आतल्या खोलीत पलंगावर लॅपटॉप मांडून बसले होते. इन्व्हर्टर भरलेला होता, वायफाय चालू होतं. सगळं सेट.

बाबांनी बघायला चार-पाच जणांना बोलावून ठेवलं होतं. सुदैवानं रस्ते बंद झाले आणि पोचू शकल्या त्या फक्त खालच्या मजल्यावरच्या भाभीजी. त्या गुलाबजामचा डबा आणि मुलाची कुंडली, दोन्ही घेऊन आल्या.

"बेटा, आज मशीन चालू है ही, तो ज़रा इसका मंगल देख ले. भारी है बोलते हैं."

"भाभीजी, मी मंगळ बघत नाही. मी लांबच्या एका ताऱ्याचा ग्रह बघते आहे."

"वा! दूसरों के ग्रह देखती है, अपने मोहल्ले के नहीं!"

आईनं त्यांना बसायला वेताचा मोढा दिला आणि माझ्या कानाशी आली. "बघून टाक ना पटकन. त्यांचा मुलगा चांगला आहे गं."

एवढ्यात पडद्यावर बेटावरची ऑपरेटर आली. स्वेटर घातलेली, कानटोपी घातलेली, मागे अंधारी खोली. इकडे आम्ही बंद ताडपत्रीच्या आत घामानं निथळत होतो. बाबांनी मागून वाकून तिला दोन्ही हात जोडले, तिनंही जोडले. मी तारा सांगितला, मोजण्यांची पहिली मालिका सांगितली. तिनं पद्धत परत एकदा बजावली : एक मालिका संपली की पुढची माझ्या होकारानंच सुरू होणार, आणि माझा आवाज बराच वेळ आला नाही तर दुर्बीण रिकामी ठेवता येत नाही, ती दुसऱ्या कुणाच्या ताऱ्याकडे वळवावी लागणार. एकदा वळली की माझी पाळी संपली.

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे बोलत राहायचं. त्यात काय. आपल्या घरात कोण गप्प बसतं?"

मोजणी सुरू झाली. खाली रस्त्यावर पहिला डीजेही सुरू झाला. पलंग हलायला लागला, स्टीलच्या मांडणीतल्या ताटल्या वाजायला लागल्या. ऑपरेटर एकदम ताठ झाली आणि म्हणाली, तुमच्याकडे भूकंप होतोय का? तिचं बेट ज्वालामुखीचं, या बाबतीत ती चेष्टा करत नव्हती. मी म्हटलं, नाही, ही मिरवणूक आहे. तिनं विचारलं, किती वेळ चालेल? मी म्हटलं, तुमची रात्र संपेपर्यंत नाही, पण माझा ग्रह जाईपर्यंत नक्की.

मग ते आलं. पडद्यावर एकापुढे एक पडणारे ठिपके, इतका वेळ एका ओळीत चाललेले, हळूहळू खाली उतरायला लागले. ग्रह ताऱ्यापुढे शिरत होता. मी ओरडलेच, "आला! आला!"

भाभीजी गुलाबजाम तोंडात तसाच ठेवून पुढे सरकल्या. आई पदराला हात पुसत आली. बाबांनी चष्मा लावला.

"कुठे?"

"हे ठिपके बघा. खाली चाललेत ना? तो ग्रह."

बाबा पडद्याशी वाकले.

"फोटो मागून येतो का?"

"फोटो नसतो, बाबा. इतक्या लांबच्या ग्रहाचा नाही येत. एवढंच असतं."

"हो का," बाबा म्हणाले. "छान आहे." आणि चष्मा काढून खिशात ठेवला. महू ते मानपूर सगळा हायवे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला असणार. प्रत्येक दुकानात आता ठिपके सांगायचे. मला तेव्हा ग्रहापेक्षा त्या चष्म्याचं जास्त वाईट वाटलं.

आईचा प्रश्न वेगळा होता. "तिथली हवा बघतेस ना? बरी आहे का?"

"दगड वितळेल इतकी गरम आहे."

"म्हणजे राहायला नाही."

"नाही."

"मग एवढ्या लांबून कशाला बघायचं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पडद्यावरची ऑपरेटर तोंड उघडं ठेवूनच थांबली. ठिपके थांबले. कोपऱ्यात ते गोल गोल फिरणारं चिन्ह आलं. नेट गेलं होतं.

मी मोबाईल घेतला. खाली अख्खं शहर उभं, नेटवर्कची एक दांडी येते आणि जाते. केबलवाल्याला फोन लागेना, आणि लागला असता तरी तोही खाली नाचतच असणार. सरांनाही लागेना. मला एवढंच दिसत होतं : बेटावर माझी मालिका संपत आलीय, ती बाई माझ्या होकाराची वाट बघतेय आणि घड्याळ बघतेय.

"केबल तुटली असेल," बाबा म्हणाले. "ट्रकवर उभी राहतात पोरं, वायरला हात लावतात. बघतो थांब."

"बाबा, ताडपत्री उघडू नका!"

पण पोरीचा ग्रह अडलेला असताना बाबा ताडपत्रीचं काय ऐकतात. गॅलरीत जाऊन त्यांनी एक कोपरा सोडला आणि डोकं बाहेर काढलं. तोफ बरोबर खालीच उभी होती. मी, आई आणि भाभीजी त्यांच्या मागे दारात. आधी हिरवं आलं, मग त्यावर लाल, थेट दारातल्या आमच्यापर्यंत. खालून आवाज आला, "बुरा मत मानो काकाजी!" बाबांनी कोपरा परत बांधला, डोळ्यांवरचा रंग निपटला आणि आमच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "केबल ठीक आहे."

मग राहिला राऊटर. तो खिडकीशेजारच्या फळीवर असतो. मी तिकडे गेले आणि मला राऊटर दिसेना. तिथे एक गाठोडं होतं. आईची जुनी सुती साडी, नीट घडी घालून चौफेर गुंडाळलेली, वर नाडीची गाठ.

"आई, हे काय आहे?"

"झाकलंय. रंग उडाला असता म्हणजे? तूच म्हणालीस ना, आज हे महत्त्वाचं आहे."

साडी सोडली तर आत प्लास्टिकची पिशवी. पिशवी सोडली तर आत आणखी एक पिशवी, दुधाची, धुतलेली. टीव्हीला एकच खोळ मिळाली होती, देवांना एकच प्लास्टिक. माझ्या राऊटरला तीन थर. त्यांच्या आत, बंद घरात, मार्चच्या दुपारी, तो बिचारा सकाळपासून उकडत होता. एकही दिवा लागलेला नव्हता.

आईनं पुढे होऊन पंजाची मागची बाजू त्याला लावून बघितली, माझ्या कपाळाला लावायची तशीच. "अगं बाई! ताप आलाय याला. ओल्या फडक्याची पट्टी ठेवू का?"

"नको!" मी आणि बाबा एकदम ओरडलो.

बाबांनी टेबलफॅन उचलून आणला. भाभीजींनी मुलाची कुंडली उलगडली आणि तिनं वारा घालायला लागल्या. मी वायर काढून ठेवली, थोडं थांबले, परत लावली. काही नाही. परत काढली. खाली डीजेवर गाणं बदललं. आई देवघराकडे गेली, प्लास्टिकमधूनच हात जोडून आली. परत लावली. एक दिवा लागला. मग दुसरा. तिसरा नारंगी होता. आम्ही चौघं श्वास धरून एका डबड्याभोवती उभे. तो हिरवा झाला.

मी लॅपटॉपकडे धावले. ऑपरेटरचा चेहरा हलला आणि तिनं खुर्ची मागे ढकलून तोंडावर हात घेतला. माझ्या कपाळावरून लाल ओघळ, मागे बाबा तर डोक्यापासून छातीपर्यंत लाल, भाभीजींचा अर्धा गाल.

"तुम्ही सगळे ठीक आहात ना? अपघात झालाय का? मी कुणाला फोन करू?"

प्रशांत महासागरातून ती आमच्यासाठी अँब्युलन्स पाठवायला निघाली होती.

"रंग! रंग!" बाबा दोन्ही हात हलवत पुढे आले. "नो ब्लड! हॅपी रंगपंचमी, मॅडम!"

मी विचारलं, तारा? ती म्हणाली, तारा अजून धरून ठेवलाय. मालिका संपून बराच वेळ झाला, दुर्बीण वळवायच्या बटणावर तिचा हात होता. मी म्हटलं, पुढची सुरू करा, प्लीज, आत्ता. तिनं केली.

ठिपके परत पडायला लागले. खालीच होते, म्हणजे ग्रह अजून ताऱ्यापुढेच होता. मध्ये थोडी मोकळी जागा राहिली होती, पण तो बाहेर पडताना दिसला तर प्रकरण वाचणार होतं. आता कुणी काही विचारत नव्हतं. बाबा टेबलफॅन दोन्ही हातांत धरून राऊटरवर नेम धरून उभे होते; मी म्हटलं, खाली ठेवा, खुर्चीवर ठेवा, तर म्हणाले, "राहू दे. अँगल बिघडेल." उभे राहिल्या राहिल्या त्यांनी ओल्या खिशातून चष्मा काढला आणि एका हातानं परत डोळ्यांवर चढवला.

आणि ठिपके वर यायला लागले. एक वर, एक थोडा खाली, मग दोन वर. मग परत जिथून निघाले होते त्या ओळीत.

"निघाला?" बाबांनी विचारलं.

"निघाला, बाबा."

"बधाई हो!" भाभीजींनी बाळंतपण सुखरूप झाल्यासारखे हात वर केले आणि आमच्या तोंडात गुलाबजाम कोंबले. एक त्यांनी पडद्यासमोरही धरला. ऑपरेटरनं तिकडून तोंड उघडलं. माझ्या संशोधनात एवढा मोठा आंतरराष्ट्रीय सहभाग पुन्हा झाला नाही.

सर पोचले ते सगळं आटोपल्यावर. दार उघडलं तर मी त्यांना ओळखलंच नाही. स्कूटर कुठेतरी कडेला सोडून ते चालत आले होते आणि त्यांच्या अंगावर शर्टाचा मूळ रंग कुठेच शिल्लक नव्हता. एका पायात चप्पल होती.

"मला त्यांनी उचललं," ते म्हणाले. "मी त्यांना सांगत होतो की मला निरीक्षणाला जायचंय, तर त्यांनी मला उचलूनच घेतलं."

"मजा आली का, सर?" बाबांनी टॉवेल देत विचारलं.

सरांनी थोडा विचार केला. "आली," ते म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

मग त्यांनी हात पुसून लॅपटॉप बघितला. उतार बघितला, चढ बघितला, मान डोलावली. "उत्तम. फारच सुरेख." आणि मग, पुणेकर काही सोडतात का, "ही मध्ये तूट कसली?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी भाभीजींकडे. सगळ्यांनी मिळून आईकडे.

"सर, चहात साखर किती?" आई म्हणाली.

संध्याकाळी खालचा रस्ता पालिकेनं धुऊन असा लख्ख केला होता की जणू काही झालंच नाही. काही महिन्यांनी, त्या उजेडाचा हिशेब पूर्ण झाल्यावर, मी घरी सांगितलं की ग्रहाच्या हवेत सोडियम सापडलं. आईनं विचारलं, ते काय असतं. मी म्हटलं, मिठात असतं ते. मला तेवढंच सांगायचं होतं, पण बाबा जागच्या जागी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मानपूरच्या चहावाल्याला कळलं की वर मीठ मिळालेलं आहे आणि आता फक्त सेव पोचवायची आहे.

प्रबंधात मी त्या तुटीबद्दल एक ओळ लिहिली आहे : संपर्कातील तांत्रिक व्यत्ययामुळे. परीक्षकांनी त्यावर काही विचारलं नाही. पण तोच आलेख बाबांनी मोठा छापून, फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलाय, देवांच्या खालोखाल. कुणीही आलं की ते उठतात, चष्मा लावतात आणि काचेवर बोट ठेवून सांगायला लागतात. "हे बघा, इथून ग्रह आत शिरला. इथून बाहेर पडला." मग बोट मागे येतं, मधल्या मोकळ्या जागेवर थांबतं, आणि ते आत ओट्यापाशी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "आणि इथे हिच्या आईनं राऊटरला साडी नेसवली होती."

"सुती होती!" आतून आवाज येतो. "आणि रंगाचा एक थेंब लागला का त्याला, ते सांगा."